लाकूड तुझं, लोखंड माझं

देवळाली कॅम्प,
मंगळवार, सकाळ

प्रिय अहो,

तुम्हाला पत्र लिहायची सवय मोडून किती वर्षं झाली! तुम्ही जबलपूरला होतात, मग जम्मूला, तेव्हा मी दर गुरुवारी चार पानं लिहायचे. तुमचं उत्तर दोन ओळींचं. 'पत्र मिळालं. मी ठीक.' एकदा मी रागावून विचारलं होतं की चार पानांना दोन ओळी कशा पुरतात, तर पुढच्या वेळी तिसरी ओळ आली. 'तू पण ठीक राहा.'

आता त्या दोन ओळीही यायच्या नाहीत, तरी लिहायला बसले आहे. काल सलीमभाईंच्या दुकानात मला एक गोष्ट कळली, आणि ती ज्याला सांगायला हवी तो माणूस अकरा महिन्यांपूर्वी गेला. तुमच्या रायफलचा बिघाड सापडला, अहो. तुम्ही जो शेवटपर्यंत आपल्या हातांचा दोष समजत होतात, तो दोष तुमच्या हातांचा नव्हता.

क्रमानं सांगते. क्रम सोडलेला तुम्हाला कधी आवडला नाही.

तुम्ही गेल्यावर पंधरा दिवसांच्या आत मी रायफल सलीमभाईंच्या दुकानात जमा केली. परवाना तुमच्या नावावर होता, ती घरात ठेवायचा मला अधिकार नव्हता. ज्यांच्या मागच्या खोलीत बसून तुम्ही निवृत्तीनंतर आठ वर्षं लोकांची हत्यारं दुरुस्त केलीत, त्यांच्याकडेच ती सोपवावी असं वाटलं. लोखंडी कपाटातला तिचा उंच, अरुंद कप्पा रिकामा झाला. त्यात काय ठेवणार? काहीच मावत नाही. मी एक छत्री उभी केली आहे.

शनिवारी सलीमभाईंचा फोन आला. नेमबाजी शिकणाऱ्या एका मुलीला ती रायफल हवी आहे, तिचा परवाना झाला आहे, देण्याआधी उघडून बघतो, तुम्ही सोमवारी सहीला या, म्हणाले. मग म्हणाले, "वहिनी, ती अडकते ना? सगळ्या रेंजला माहीत आहे." मी हो म्हणाले. फोन ठेवल्यावर बराच वेळ त्या 'सगळ्या रेंजला' या शब्दांपाशीच बसून राहिले.

आठवतं, ती घरी आली तो दिवस? पॉइंट टू टूची, जुनी, सेमी-ऑटोमॅटिक. तुम्ही ती टेबलावर ठेवून मला समजावून सांगितलंत, जसं तुम्ही रंगरुटांना सांगत असाल. एक गोळी सुटली की बोल्ट आपोआप मागे जातो, रिकामी पुंगळी बाहेर फेकतो आणि येताना नवं काडतूस घेऊन पुढे येऊन बसतो. मी म्हटलं, म्हणजे शिलाई मशीनच की! तुम्ही हसलात. "मेमसाहेब, बरोबर बोललीस. फक्त हिच्या टाक्यानं कापड फाटतं."

मेमसाहेब! मी कॉन्व्हेंटात शिकले म्हणून लग्नापासून मिळालेलं हे नाव. तुम्ही देवळ्याच्या कांद्याच्या शेतातून उठून फौजेत गेलेले, आर्मरर म्हणून चोवीस वर्षं तोफखान्याची हत्यारं दुरुस्त करणारे. मी तुमच्या 'लय' आणि 'नाय'ला सुधारायचे, तुम्ही माझ्या इंग्रजीला सलाम ठोकायचात. दोघांचंही काही सुधारलं नाही.

त्याच दिवशी तुम्ही तो नियम केलात. मी खांद्याला टेकायच्या दस्त्याच्या लाकडावरून हात फिरवत होते. लाकूड कोरडं पडलं होतं. तुम्ही रंगाच्या दुकानातून जवसाच्या तेलाची बाटली आणलीत, तळहातावर चार थेंब घेऊन कसं चोळायचं, तळहात गरम होईपर्यंत कसं चोळत राहायचं ते दाखवलंत, आणि म्हणालात, "आजपासून वाटणी. लाकूड तुझं, लोखंड माझं."

मग महिन्याच्या पहिल्या शनिवारी दुपारी आपण दोघं अंगणात बसायचो. तुम्ही बोल्ट काढून जुन्या वर्तमानपत्रावर मांडायचात, दोरीला चिंदी बांधून नळी पुसायचात, आणि प्रत्येक तुकडा नाकाशी नेऊन हुंगायचात. मला त्याची गंमत वाटायची. तुम्ही म्हणायचात, डोळ्याला दिसायच्या आधी नाकाला कळतं. जळालेली दारू, सुटलेलं ग्रीस, गंज, प्रत्येकाचा वास वेगळा. काही बिघडलेलं असलं की तुम्ही तिच्याशी तुमच्या आईच्या अहिराणीत बोलायचात. "काय व्हयनं व माय तुले?" माझ्याशी कधी इतकं गोड बोललात का हो?

मी तिथंच बसून दस्ता चोळायचे. लांब तोफांचा सराव चाललेला असायचा, खिडकीची तावदानं थरथरायची. आपण फार बोलत नसू. आता वाटतं, माझ्या संसारातल्या सगळ्यात भरलेल्या दुपारी त्याच होत्या.

तुमचे हात कधीपासून थरथरायला लागले, मला नक्की सांगता येणार नाही. तुम्ही लपवलंत. चहाचा कप दोन्ही हातांनी धरायला लागलात आणि म्हणालात, थंडी आहे. एप्रिल महिना होता. मी पाहिलं, आणि मीही न पाहिल्यासारखं केलं. आपण दोघंही किती समजूतदार होतो, नाही?

एका शनिवारी मी स्वयंपाकघराच्या दारातून बघितलं. बोल्टच्या खाचेत तेलाचा थेंब सोडायचा होता. तुमच्या हातातली कुपी हलत होती. थेंब खाचेत पडेना. तीनदा वर्तमानपत्रावर पडला. तुम्ही इकडेतिकडे पाहिलंत, कुणी बघत नाही ना म्हणून, आणि कुपी तशीच झाकण लावून ठेवून दिलीत.

मला ते सहन झालं नाही. तिथंच माझी चूक सुरू झाली.

पुढच्या महिन्यापासून त्या शनिवारी रात्री तुम्ही जेवून आडवे झालात की मी कपाट उघडायचे. किल्ली कुठे असते ते मला ठाऊक होतं. रायफलमध्ये काडतूस नाही ना, हे तुम्ही शिकवल्याप्रमाणे दोनदा बघायचे. बोल्ट मागे ओढून तिथल्या खाचेत चार थेंब तेल सोडायचे, हळूच पुढे-मागे करायचे आणि ठेवून द्यायचे. आता तुम्हाला कुपी धरायला नको, असं वाटायचं. तुमची लाज मी वाचवते आहे, असं वाटायचं. तेल कोणतं? माझ्या हाताशी होतं ते. जवसाचं. माझ्या लाकडाचं तेल इतकं चांगलं, लाकूड कसं आरशासारखं चमकायचं! मला काय माहीत की तेला-तेलात फरक असतो? तुमची छोटी कुपी तुमच्या पेटीत असायची, आणि पेटीला हात लावला असता तर तुम्हाला कळलं असतं.

रायफल पहिल्यांदा अडकली ती दिवाळीनंतर. तुम्ही दर रविवारी क्लबच्या रेंजवर मुलींना शिकवायला जायचात. दुपारी येऊन म्हणालात, आज दोनदा बोल्ट केसभर आधी थांबला, पुढे येऊन बसेना. चाप ओढला तर नुसतं टिक. तुम्ही काळजीत नव्हतात. उलट डोळ्यांत चमक होती. कोडं मिळालं होतं ना!

मग सुरू झाली तुमची तपासणी. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा तुमचा कायदा. दोन बदलल्या तर कुणी बरं केलं ते कळत नाही. आधी काडतुसं बदललीत. पुढचा रविवार चांगला गेला, त्याच्या पुढचा वाईट. मग काडतुसं भरायचं मॅगझिन बदललंत. मग सलीमभाईंकडून नवी स्प्रिंग आणून घातलीत. काडतूस बसतं ते चेंबर रॉकेलनं धुतलंत. दर वेळी एखादा रविवार ठीक जायचा, आणि मग पुन्हा टिक. टेबलावर हातानं ओढून बघितलं तर बोल्ट सुरळीत चालायचा. मी विचारायचे, सापडलं का? तुम्ही मान हलवायचात. आणि मी, अहो, मी पुढच्या महिन्यात आणखी दोन थेंब जास्त घालायचे. म्हटलं, कोरडी पडत असेल बिचारी.

आता कळतं, एक रविवार चांगला का जायचा. तेल ताजं असेपर्यंत बोल्ट घसरायचा. आठ-दहा दिवसांत ते घट्ट व्हायचं.

तुम्ही ते हुंगून का ओळखलं नाहीत? हा प्रश्न मी काल दिवसभर तुम्हाला विचारत होते. मग डॉक्टर आठवले. पुढच्या पावसाळ्यात मी तुम्हाला हट्टानं त्यांच्याकडे नेलं, तेव्हा कंपवात म्हणण्याआधी त्यांनी भलताच प्रश्न विचारला होता, वास येतो का? तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, नाय येत, दोन-तीन वर्षं झाली. डॉक्टर म्हणाले, या दुखण्यात कधीकधी वास आधी जातो आणि हात मागून थरथरतात. मी खुर्चीत बसल्या जागी हबकले. दोन-तीन वर्षं! दूध करपलं तरी तुम्ही बाहेरच्या खोलीतून हाक मारत नव्हतात, मी समजायचे, तुमचं घरात लक्षच नाही. त्यावरून किती टोमणे मारले मी. का नाही सांगितलंत? मी कपाट उघडत होते ते सांगितलं नाही, तुम्ही नाक गेल्याचं सांगितलं नाहीत. दोघांपैकी एकानं जरी तोंड उघडलं असतं, तरी पुढच्याच शनिवारी बिघाड सापडला असता.

दिवाळीनंतरच्या फेब्रुवारीतल्या त्या रविवारबद्दल मी आजवर कुणाशी बोललेले नाही. मी तुमच्यासोबत आले होते, थर्मास घेऊन मागच्या बाकावर बसले होते. एक मुलगी तुमच्या रायफलवर सराव करत होती. तिसऱ्या गोळीला बोल्ट अडकला. तुम्ही तिला सांगितलंत, नळी समोरच ठेव, हलू नको. तुम्ही पुढे झालात, मॅगझिन काढलंत, आणि अडकलेलं काडतूस काढायला हात घातलात. हात थरथरत होता. सगळी रेंज थांबून बघत होती. तुम्हाला फार वेळ लागला. तुम्ही एकही चूक केली नाहीत, पण फार वेळ लागला.

क्लबचे सेक्रेटरी कुलथे जवळ आले. वाईट माणूस नाही, आवाजही चढवला नाही. म्हणाले, "मास्तर, पोरींच्या हातात भरलेली रायफल असते. आता तुम्ही घरी आराम करा. वय झालं की हे व्हायचंच."

तुम्ही रायफलकडे बघितलंत, मग आपल्या हाताकडे. आणि अगदी हळू, जणू हिशेब जुळल्यासारखे म्हणालात, "गोळी तपासली, हत्यार तपासलं. राहिला माणूस."

खिशातून रेंजच्या खोलीची किल्ली काढून तुम्ही त्यांच्या हातात दिलीत. परतीच्या रिक्षात तुम्ही बाहेर बघत होतात. मी काय केलं? तुमचा हात हातात घेतला आणि म्हटलं, असू द्या हो, वय झालं. मीसुद्धा तेच म्हटलं.

त्यानंतर तुम्ही पेटी उघडली नाहीत. रविवारी सकाळी सवयीनं लवकर उठायचात, दाढी करायचात, आणि मग कुठे जायचं नाही हे आठवून तशीच स्वच्छ दाढी घेऊन खुर्चीत बसून राहायचात. आपली मुलगी बंगलोरहून फोन करून विचारायची, बाबा काय करताहेत? मी म्हणायचे, आराम.

आणि मग ते हॉस्पिटल. छातीत कफ झालेला, बोलायला दम लागायचा. एका दुपारी तुम्ही मला जवळ बोलावलंत. मला वाटलं, काही माझ्याबद्दल बोलाल. तुम्ही म्हणालात, "सुलू, एवढ्या वर्षांत एक हत्यार नाय सुधरलं माझ्या हातून. ते बी घरचंच." मी तुमच्या कपाळावर हात ठेवून म्हटलं, त्याचा विचार नका करू. आपलं शेवटचं धड बोलणं ते. मुळात मला त्याचा विचार करायला हवा होता, आणि मी तुम्हालाच गप्प केलं.

काल सलीमभाईंनी मागच्या खोलीत, तुमच्याच टेबलावर, रायफल उघडून ठेवली होती. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी बोल्टच्या खाचेतून नखानं काहीतरी खरवडलं. मधासारखा पिवळा, पापुद्र्यासारखा चिवट थर. त्यांनी तो नाकाशी नेला. अगदी तुमच्यासारखा. मग माझ्याकडे बघितलं.

"वहिनी, बुरा मत मानना. ह्याच्यात अलसीचं तेल कुणी टाकलं?"

मला माझी जवसाची बाटली आठवली.

"उस्ताद टाकणार नाहीत. ते तर झोपेत पण नाही टाकणार. हे तेल लाकडावर लावायचं. लोखंडात टाकलं की सुकून वार्निश होतं. रॉकेलनं पण निघत नाही. बोल्ट चिकटणारच ना."

मी म्हटलं, मी टाकलं. किती दिवस, त्यांनी विचारलं. मी सांगितलं, आणि का ते पण सांगितलं. ते हसतील असं वाटलं होतं. ते उठून खोलीचं दार लोटून आले आणि दोन चहा मागवले.

चहा संपेपर्यंत त्यांनी खाच घासून साफ केली. मागच्या बाजूला वाळूच्या पोत्यांपाशी नेऊन पन्नास गोळ्या झाडल्या. मी मोजत होते. एकदाही अडकली नाही. इतकी सुरेख चालत होती, अहो, त्या पहिल्या दिवसासारखी. मला रडू आलं ते सलीमभाईंना गोळ्यांच्या धुरानं आलं असं वाटलं असेल, किंवा त्यांनी तसं दाखवलं असेल.

निघताना म्हणाले, "ही बात इथंच राहू द्या, वहिनी. उस्ताद तर गेले. आता कोण विचारायला येतंय? लोक विसरले पण."

मी म्हटलं, बरं. खरं सांगू? मला सुटल्यासारखं वाटलं. सही केली, नाशिकच्या शालिमार स्टॉपवरून बस पकडली, घरी आले, खिचडी टाकली.

शाळेत दर शुक्रवारी कॅथलिक मुली रांगेनं चॅपेलमध्ये जायच्या, जाळीच्या लाकडी खोक्यापाशी गुडघे टेकून आपल्या चुका सांगून यायच्या. आम्ही बाकीच्या बाहेर बाकावर. बाहेर येताना त्या इतक्या हलक्या दिसायच्या की मला हेवा वाटायचा. एकदा मी सिस्टरना विचारलं, मी पण जाऊ का? त्या म्हणाल्या, तुला सांगायचं असेल तर ज्याचं नुकसान केलंस त्यालाच जाऊन सांग, ते जास्त अवघड आहे. तेव्हा मला ते टाळाटाळीचं उत्तर वाटलं होतं.

ज्याचं नुकसान केलं त्याला सांगायला मला उशीर झाला. खिचडीचं ताट समोर घेऊन मी काल एकटीच बसले होते आणि मनात एकच येत होतं, लोक विसरले म्हणजे काय विसरले? ते तुम्हाला विसरले नाहीत. रेंजवर अजून कुणाची रायफल अडकली की म्हणत असतील, मास्तरांसारखं झालं. सलीमभाईंच्या तोंडीही तेच आलं होतं ना, सगळ्या रेंजला माहीत आहे. चोवीस वर्षं फौजेत आणि आठ वर्षं त्या मागच्या खोलीत जे नाव तुम्ही कमावलंत, त्याच्यापुढे माझे चार थेंब राहिले. मी गप्प बसले तर तेच राहतील.

थोडं तुमच्यावरही रागावू द्या. कुलथ्यांनी एकदा म्हटलं आणि तुम्ही लगेच किल्ली काढून दिलीत? बोल्ट दुसऱ्या कुणाच्या डोळ्यांखालून का घातला नाहीत? सलीमभाई एका बसच्या अंतरावर होते. तुम्ही त्यांच्याकडून स्प्रिंग आणलीत, पण रायफल दाखवली नाहीत. आपला बिघाड दुसऱ्यानं शोधणं तुम्हाला कमीपणाचं वाटलं. मला तुमची लाज झाकायची होती, तुम्हालाही तीच झाकायची होती. आपण दोघांनी मिळून ती इतकी घट्ट झाकली की आत सगळं चिकटून बसलं.

पण रागावून झालं. आता माझा शब्द ऐका.

आज उठल्या उठल्या मी सलीमभाईंना फोन केला. रविवारी रायफल तुमच्या दुकानाच्या परवान्यावर रेंजवर घेऊन या, म्हटलं. त्या मुलीला तिथंच द्या, सगळ्यांसमोर चालवून दाखवा. त्यांनी मला ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाले, "वहिनी, लोक तुम्हाला हसतील." मी म्हटलं, हसू द्या.

रविवारी सकाळी मी जाणार आहे. एकटीनं त्या रेंजवर पाय ठेवायची मला भीती वाटते, तुमच्यापासून काय लपवू? मी कुलथ्यांना पाच मिनिटं गोळीबार थांबवायला सांगेन. मुली असतील, त्यांचे आईवडील असतील. सलीमभाई रायफल चालवतील. आणि मी त्यांना सांगेन की तुमचे हात थरथरत होते, पण चुकत नव्हते. कुलथे भले माणूस आहेत, ते माझा खांदा थोपटून म्हणतील, जाऊ द्या वहिनी, वय झालं की हे व्हायचंच.

तेव्हा मी गप्प बसणार नाही. मी म्हणेन, वय नव्हतं. तेल होतं. आणि ते मी घातलं होतं.

तुमची,
सुलभा